तडकलेल्या हाडाची शिटी

हॉबर्ट आणि डेल्फी या म्हाताऱ्या जोडप्याला त्या शनिवारी डोंगरावरून एक रानटर्की आणायची होती. आणली, तर ती दोघं आपल्या घरात राहणार होती. रिकाम्या हातांनी परतली, तर लेकीच्या मोटारीत बसून शहरात राहायला जाणार होती.

ही पैज हॉबर्टने आपल्याच जिभेने अंगावर ओढवून घेतली होती. फेब्रुवारीत लाकडांच्या ढिगापाशी बर्फावरून त्याचा पाय घसरला आणि उजवा खांदा मोडला. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि तेव्हापासून हात गळ्यात बांधलेल्या झोळीत होता. लेक नेवा दर रविवारी फोनवर एकच पालुपद आळवायची: माझ्याकडे खोली रिकामी आहे, तळमजला आहे, दवाखाना समोरच आहे. ईस्टरच्या जेवणाला ती आली, तेव्हाही तिने तेच काढलं. मक्याच्या पावावर सफरचंदाचा मुरंबा थापत हॉबर्ट म्हणाला, "ज्या वर्षी आम्हा दोघांना मिळून कॅलेबच्या कड्यावरून एक टर्की आणता येणार नाही ना, त्या वर्षी मी स्वतः सामान बांधीन."

"म्हणजे या वर्षी?"

"कुठल्याही वर्षी."

"मग याच वर्षी," नेवा म्हणाली. "आपल्या पायांनी जायचं, आपल्या पायांनी परत यायचं. मंजूर?"

डेल्फीने टेबलाखालून नवऱ्याच्या नडगीवर बूट हाणला. पण शब्द तोंडातून निघून गेला होता.

त्यानंतर हंगामभर पावसाने उसंत दिली नाही. बघता बघता शेवटचा शनिवार आला. रविवारी त्या डोंगरांत कोणी बंदूक उचलत नाही आणि सोमवारपासून पुढच्या वसंतापर्यंत टर्की मारायला बंदी. शिवाय रोजची शिकार दुपारी एकला थांबवायची, हाही तिथला नियम. शुक्रवारी संध्याकाळीच नेवा येऊन राहिली. येताना मोटारीत घडी केलेली पुठ्ठ्याची खोकी घेऊन आली, आणि ती तिने ओसरीवर रचून ठेवली.

पहाटे डेल्फीने चूल पेटवली. हॉबर्ट कॉफी पीत होता. त्याच्या मागच्या खिशातून लाल रुमाल डोकावत होता. तिने तो उपसला आणि खुंटीला अडकवला.

"नाक कशाला पुसू?"

"बाहीला. लाल रुमाल हलवत रानात बसलास, तर कोणीतरी तुलाच टर्की समजून टिपेल."

यात थट्टा नव्हती. नर टर्कीचं डोकं लाल, पांढरं आणि निळं असतं. म्हणून शिकारी माणूस हे तीन रंग अंगावर ठेवत नाही. हॉबर्टच्या हाताची पांढरी झोळीसुद्धा डेल्फीने अक्रोडाच्या सालींच्या पाण्यात दोन दिवस भिजवून मातकट तपकिरी करून टाकली होती.

बाकीचं सामान काय म्हणाल, तर एका गोणपाटात मावेल एवढं. दस्त्याला चिकटपट्टी गुंडाळलेली जुनी एकनळी बंदूक आणि तीन काडतुसं. जुन्या शाळेच्या छपरावरची, तळहाताएवढी दगडी पाटी आणि तिच्यावर घासायला देवदाराची काडी. ती काडी नीट घासली की मादी टर्कीचा आवाज निघतो. तोंडाला फासायला चुलीतला कोळसा. बसायला तेच गोणपाट. आणि हॉबर्टच्या गळ्यात सुतळीला टांगलेली शिटी: टर्कीच्याच पंखाची पोकळ हाडं एकात एक बसवून मेणाने जोडलेली. ही शिटी फुंकायची नसते. ओठांनी हवा आत ओढायची असते.

आता या जोडप्याची कामाची पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. साद घालणाऱ्याने मागे बसायचं आणि बंदूकवाल्याने पुढे. पक्षी आवाजाच्या रोखाने येतो, आणि वाटेत त्याला बंदूक भेटते. लग्न झाल्यापासून डेल्फी मागे बसत आली होती. तिच्यासारखी साद त्या खोऱ्यात कोणी घालत नसे. पण ती झाडाआड बसायची, म्हणून पक्षी पडलेला तिने कधी पाहिला नव्हता. फक्त बार ऐकला होता. या वर्षी हॉबर्टच्या खांद्याला बंदुकीचा धक्का चालणार नव्हता. पाटी वाजवायला दोन हात लागतात आणि त्याच्याकडे एकच होता. तेव्हा बंदूक डेल्फीच्या हातात आली आणि हाडाची शिटी हॉबर्टच्या तोंडात. महिनाभर तो ओसरीवर सराव करत होता.

"कोंबडीला खोकला झालाय," डेल्फीचा शेरा ठरलेला असायचा.

म्हणून तिने मनाशी वेगळाच बेत केला होता. दुरून पक्षी बोलवायचा तो आपण पाटीवर, आणि तो जवळ आला की पाटी खाली ठेवून बंदूक उचलायची. नवऱ्याला तिने हे सांगितलं नव्हतं.

नेवा पायमोजे घालून दारात उभी होती. "गुडघ्याला पट्टी बांधलीस का, आई?"

"बांधली."

"बाबा, गोळ्या?"

"तुझ्या आईच्या खिशात. काडतुसं पण तिच्याच खिशात. माझ्याकडे फक्त तोंड आहे."

"त्यानेच घोटाळा केलाय सगळा," नेवा म्हणाली आणि दार लावून घेतलं.

झुंजुमुंजू होत होतं तेव्हा दोघं ओढ्याच्या अलीकडच्या टेकाडावर पोचली. रानात जांभळ्या-पांढऱ्या फुलांची झाडं नुकती फिक्कट दिसू लागली होती. ओल्या पाल्याचा वास येत होता, आणि रानलसणीचाही, कारण ती वाटेवर पायाखाली चिरडत होती. हॉबर्टने डावा हात तोंडाशी नेऊन घुबडाचा आवाज काढला. नर टर्कीचा हा एक स्वभावदोष आहे: कुठलाही मोठा आवाज झाला की त्याला उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. घुबड असो, कावळा असो, मोटारीचं दार आपटो, तो बोलतोच. हॉबर्ट थांबला. पलीकडच्या कड्यावरून, फार वरून, घशात गोट्या घुसळल्यासारखा गुडगुडाट आला.

"ओढ्याच्या पलीकडे," डेल्फी म्हणाली.

"पलीकडेच असायचा. टर्कीला कधी कोणाची सोय बघता आलीये?"

ओढा रात्रीच्या पावसाने लाल झाला होता. ओलांडायला एकच साधन होतं, ते म्हणजे आडवा पडलेला पॉपलरचा बुंधा. हॉबर्ट त्यावर घोड्यावर बसावं तसा बसला आणि एका हाताने पुढे सरकू लागला. मागून डेल्फी, तीही तशीच. पाणी ओलांडताना बंदूक रिकामी ठेवायची, हा नियम तिने कधी मोडला नव्हता. म्हणून नळी उघडी होती आणि काडतुसं कोटाच्या खिशात.

निम्म्या वाटेत बुंध्याची साल सुटली. एकदम, भाजलेल्या बटाट्याची सुटावी तशी! डेल्फी कडेला घसरली. कमरेपर्यंत पाण्यात गेली. थंडीने श्वास छातीतच थिजला. एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात फांदीचा खुंट, आणि तो खुंट करकरत होता!

हॉबर्टला वळता येईना. त्याने डावा हात बुंध्याला गच्च लावला आणि पाय मागे ताणला. "माझा बूट धर."

"बूट निघून आला तर?"

"सकाळी दोन गाठी मारल्यात. धर."

तिने बूट धरला, गुडघा बुंध्यावर टेकवला, आणि इंच इंच वर आली. पलीकडच्या दगडांवर पोचल्यावर डेल्फीने बुटांतलं पाणी ओतलं. मग तिने खिसे तपासले. कोटाच्या खिशाची झडप फाटली होती. दोन काडतुसं ओढ्याने नेली होती. तिसरं अस्तराच्या भोकातून आत घसरून कोटाच्या काठाशी अडकलं होतं, म्हणून राहिलं. गोणपाटातली पाटी चिंब झाली होती. तिने काडी घासून पाहिली. ओली पाटी मुकी असते. तिचा बेत तिथेच बुडाला.

"आता सगळं तुझ्या खोकल्यावर," ती म्हणाली.

"म्हणजे पाटीवर भरवसा होता होय तुझा?" हॉबर्टने विचारलं. तिने पाटी गोणपाटात घातली.

कड्याच्या पोटाला सदाहरित झुडपांची जाळी आहे. खोडं बोटांसारखी एकमेकांत गुंतलेली, पानं जाड, खाली कायमचा अंधार. तिथले लोक तिला सरळ 'नरक' म्हणतात. वळसा घालायचा तर दुपार उलटली असती, म्हणून ती दोघं रांगत आत शिरली. डेल्फी पुढे. बंदूक ढकलायची, गुडघा उचलायचा, गुंतलेली वेणी सोडवायची, पुन्हा बंदूक ढकलायची. हाताला ओरखडे आले. मागून हॉबर्टचा श्वास भात्यासारखा ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने पुढे उजेड दिसला. एक उघडा खडक होता, उन्हाने तापलेला. तिने खडकाच्या काठावर हात टाकला.

खुळखुळाट झाला. सुक्या शेंगा हलवाव्यात तसा, पण थांबेना!

तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावर खुळखुळ्या सापाचं वेटोळं होतं. पिवळं-काळं, मनगटाएवढं जाड. डोकं मागे खेचलेलं. शेपटीचं टोक दिसत नव्हतं इतकं थरथरत होतं.

"हात आहे तिथेच ठेव," हॉबर्ट मागून म्हणाला. त्याचा आवाज इतका शांत होता की तिला भीती वाटली.

"ठेवलाय."

"तो तुझ्यावर रागावलेला नाही. झोपमोड झालीये त्याची. थांब."

ती थांबली. नाकावरून घाम ओघळला. खुळखुळाट मंद झाला, पुन्हा वाढला, पुन्हा मंद झाला. मग वेटोळं सैल सुटलं, आणि तो जाड दोर खडकाच्या भेगेत सावकाश ओतला गेला. तिने हात मागे घेतला. तिला वाट द्यायला हॉबर्ट मागे सरकला. उतारावर त्याची टाच निसटली. दुखरा खांदा वाचवायला त्याने अंग डावीकडे टाकलं आणि धाडकन कुशीवर पडला. त्याच्या छातीखाली काहीतरी काडकन वाजलं.

"बरगडी?"

"नाही." त्याने सुतळी ओढून शिटी बाहेर काढली. मोठ्या हाडाला उभी चीर गेली होती. त्याने ओठ लावून हवा ओढली. गंजलेल्या बिजागरीसारखा कर्कश, फाटका आवाज निघाला.

"आधी खोकला होता," डेल्फी म्हणाली. "आता दमा झाला."

त्या भेगेपासून लांब, खडकाच्या दुसऱ्या टोकाला बसून दोघं पाणी प्यायली. हॉबर्टचा चेहरा कोळशाखालीही पांढरा पडलेला दिसत होता. तिचा गुडघा पट्टीतून बाहेर येऊ पाहत होता. एक काडतूस, मुकी पाटी, फुटकी शिटी. अजून इथून मागे फिरलं, तर सुखरूप घरी पोचता येण्यासारखं होतं.

"फिरायचं का मागे?" तिने विचारलं.

"तू सांग. बंदूक तुझ्याकडे आहे."

तिच्या डोळ्यांसमोर नेवाची ती खोली आली. एकदा ती तिथे आठवडाभर राहिली होती. खिडकीतून मोटारी उभ्या करायची जागा दिसायची. सकाळी उठून कोणत्या दिशेला बघावं, हेच तिला कळत नसे.

तेवढ्यात दूर पश्चिमेला ढग गडगडला, आणि कड्याच्या माथ्यावरून, अगदी जवळून, त्या नराने ढगालाही उत्तर दिलं.

"चल," ती उठली.

माथ्याच्या खाली ओकच्या झाडांची एक सपाटी आहे. दोघं वाकून, पाय पारखून टाकत तिथे पोचली. डेल्फीने खांद्यांहून रुंद बुंधा निवडला, गोणपाट घातलं आणि त्याला पाठ लावून बसली. हॉबर्ट तिच्या मागे, पडलेल्या झाडाआड. तिने काडतूस पुसलं, नळीत सरकवलं, नळी मिटवली. बंदूक मांडीवर आडवी. आता हलायचं नाही. टर्कीला वास येत नाही, पण पापणी लवलेली दिसते.

हॉबर्टने हवा ओढली. फाटकी, चिरकी साद रानात गेली. नर लगेच गुडगुडला. पण जागचा हलला नाही. फांद्यांच्या फटीतून डेल्फीला तो दिसला: सपाटीच्या पलीकडच्या टोकाला, पिसारा पूर्ण उभारून, पंखांची टोकं जमिनीवर घासत, डाक बंगल्यापुढे साहेब फिरावा तसा फिरत होता. आणि तो एकटा नव्हता. त्याच्याभोवती माद्या चरत होत्या. घरची माणसं भोवती असताना तो परक्या आवाजाकडे कशाला येईल? निसर्गाची रीतच आहे की मादीने नराकडे जायचं. शिकारी ती रीत उलटी करायला बघतो, म्हणून तर बहुतेक वेळा रिकामा परततो.

हॉबर्टने पुन्हा साद घातली. आणि या वेळी उत्तर नराने दिलं नाही. एका मोठ्या, करड्या मादीने मान वर केली आणि ताडताड बोलायला सुरुवात केली. क्यॅक, क्यॅक, क्यॅक-क्यॅक! डेल्फीला तो सूर ओळखीचा होता. आयुष्यभर ती गोड साद घालत आली होती आणि अशी मादी तिच्याकडे ढुंकूनही बघत नसे. पण आजचा हा फाटका, उर्मट आवाज त्या कळपातल्या थोरलीला झोंबला होता. आपल्या हद्दीत ही कोण सवत आली, असं ती विचारत होती.

आता हॉबर्टने उलट बोलायला हवं होतं. हॉबर्ट गप्प बसला.

डेल्फीच्या मस्तकात तिडीक गेली. हीच त्याची घरातली रीत होती! भांडण उकरून काढायचं आणि समोरचं तापलं की मौन धरायचं. थोरलीने आपलं म्हणणं पूर्ण केलं, शेपूट झटकलं आणि समाधानाने पाठ फिरवली. नरही वळला.

डेल्फीने ओठ न हलवता घशातून आवाज काढला. थोरली पुन्हा काही पुटपुटत होती, तिला तिने मधेच तोडलं. क्यॅक-क्यॅक! थोरली जागच्या जागी थबकली. पुन्हा बोलू लागली. डेल्फीने पुन्हा तोडलं. घसा सोलून निघाला. खोकला दाटून आला, तो तिने गिळला. तिसऱ्या वेळी तिला आवाज फुटेना.

आणि तेव्हा मागून ती गंजलेली बिजागरी करकरली. हॉबर्टला उमगलं होतं! थोरलीने एक शब्द काढला की तो दोन काढत होता. ती वाक्य सुरू करी, तो तिचं वाक्य तिच्याच चोचीत कोंबत होता. ती चिडली की तो तिची नक्कल करत होता. इतकं बोललेला डेल्फीने त्याला कधी ऐकलं नव्हतं.

थोरली निघाली. मान पुढे काढून, पाय आपटत, सरळ डेल्फीच्या रोखाने. तिच्यामागे बाकीच्या माद्या. आणि त्यांच्यामागे, जराशा अनिच्छेने, पिसारा सांभाळत तो.

थोरली डेल्फीच्या बुटांजवळून गेली. हात लांबवला असता तर शेपटी हाताला लागली असती. डेल्फीच्या पापणीवर एक डास बसला होता. तो बसूनच राहिला. नर एका जाड ओकच्या मागे गेला. तेवढ्या वेळात तिने बंदूक उचलली, दस्ता खांद्याशी घेतला, अंगठ्याने घोडा मागे ओढला. तो ओकच्या या बाजूने बाहेर आला. छातीवरच्या केसांचा झुबका जवळजवळ जमिनीला टेकत होता. मान आत, डोकं पिसाऱ्यात. असा बार टाकला तर मांस छर्‍यांनी चाळण होतं, आणि पक्षी जखमी होऊन कुठेतरी झुडपात मरतो. एकच काडतूस. ते पेटेल की नाही, तेही माहीत नव्हतं.

हॉबर्टने भांडण थांबवलं. आणि एकदाच, हळू, जिभेने टाळूवर 'टक' केलं.

लाल मान उंच झाली.

धाड!

दस्ता खांद्यावर आदळला. माद्या उडाल्या, पानं उडाली, धूर फांद्यांत अडकला. मग शांत. तो जिथे होता तिथेच पडला होता. पंखांची फडफड एकदा झाली, पुन्हा झाली, आणि थांबली.

डेल्फी उठून त्याच्याजवळ गेली. पिसांवर तांब्याचा, हिरव्याचा, जांभळ्याचा रंग हलत होता. ती श्वास घेत होती म्हणून की ढग सरकत होता म्हणून, ते कळलं नाही. तिने पिसांखाली हात घातला. आत ऊब होती. तिने विस्कटलेला पंख नीट मिटवून ठेवला. हॉबर्टने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. एक वाजायला अजून थोडा अवकाश होता.

"तुला एवढं भांडता येतं," ती म्हणाली, "तर इतकी वर्षं कुठे होतास?"

"तुझ्याशी भांडायला पैसे देऊन माणूस ठेवला असता तरी तो पळाला असता."

उतरताना त्यांनी नरकाचा नाद सोडला आणि लांबचा वळसा घेतला. पक्षी गोणपाटात घालून, एका फांदीला लटकवून, दोघांच्या धड असलेल्या खांद्यांवर वाहिला. वाटेत पाऊस लागला. ती दोघं थांबत, बसत, एकमेकांना उठवत ओढ्यापाशी आली, तेव्हा दुपार कलली होती. वरच्या अंगाला धो धो कोसळला असणार. बुंध्यावरून पाणी जात होतं.

पलीकडच्या काठावर नेवा उभी होती. हातात मोटार ओढायचा दोर.

"एकच बार ऐकला," ती ओरडली. "म्हटलं, आईच असणार. बाबा दोन टाकतात."

"आपल्या पायांनी यायचं ठरलं होतं," हॉबर्ट ओरडला.

"पाय तुमचेच आहेत. दोर माझा आहे."

तिने दोराला दगड बांधून तो भिरकावला आणि आपल्याकडचा भाग झाडाला एक वेढा देऊन धरला. डेल्फीने टोक हॉबर्टच्या कमरेला बांधलं. तो बुंध्यावर बसून सरकत गेला. पाणी त्याच्या मांड्यांवरून चढत होतं. एकदा तो तिरका झाला, दोर ताणला, झाड करकरलं, आणि तो पार झाला. दोर परत आला. डेल्फीने गोणपाटाकडे पाहिलं. ते जड होतं, पाणी आणखी जड होतं. तिने ते वाटेच्या कडेला, फर्नच्या पानांवर ठेवला आणि दोराचं टोक स्वतःच्या कमरेला घेतलं. पलीकडे हॉबर्टने ते पाहिलं. त्याने मान हलवली, बरोबर आहे अशी.

"आई," नेवाचा आवाज आला. "आधी ती बांध."

"काय?"

"टर्की. आधी ती, मग तू. दोर पुन्हा टाकते."

डेल्फी तिच्याकडे बघत राहिली. तो पक्षी इथेच राहिला, तर ओसरीवरच्या खोक्यांना उद्या काम मिळणार होतं. हे नेवाला कळत नव्हतं असं नाही. तिने बाह्या वर सारल्या होत्या आणि ती वाट पाहत होती.

डेल्फीने गाठ मारली. गोणपाट पाण्यात गेलं, गटांगळी खाल्ली, आणि बुंध्याखाली अडकलं. नेवाने ओढलं. हिसडा दिला. निघेना! तेव्हा तिने दोर बापाच्या डाव्या हातात दिला, गुडघाभर पाण्यात उतरली, बुंध्याखाली हात घातला आणि शिव्या देत, एकेक शिवी चर्चमध्ये न चालणारी, ते मोकळं केलं. मग डेल्फी आली. तिला काठावर ओढून घेताना नेवाने जरुरीपेक्षा जास्त वेळ घट्ट धरून ठेवलं.

"तू नसतीस तर हे जमलं नसतं," डेल्फी तिच्या कानाशी म्हणाली. "ते आम्ही कबूल करतो."

"तू कबूल कर," हॉबर्ट म्हणाला. मग थोड्या वेळाने, "बरं. मीही."

घरी पोचल्यावर जमीन भिजू नये म्हणून नेवाने ओसरीवरचं एक खोकं उघडलं आणि पक्षी त्यात ठेवला.

रविवारी छातीचं मांस रानलसणीत तळलं. जेवताना ठरलं ते एवढंच: दर वसंतात हंगाम सुरू झाला की नेवाने इथे यायचं. त्या डोंगराला दोन माणसं कमी पडतात, तिसरं लागतंच. शहरातल्या खोलीचा विषय निघाला नाही. डेल्फीने पंखाची हाडं उकळली, खरवडली, चुलीवरच्या फळीवर वाळवली आणि मेणाने जोडून सुतळीत ओवली. संध्याकाळी निघताना तिने ती शिटी लेकीच्या गळ्यात घातली.

खोकी ओसरीवरच राहिली. त्यांतल्या एकात पुढे कोंबडी अंड्यांवर बसली.

मोटार उतरणीला लागली आणि वळणाआड गेली. मग तिचा आवाज थांबला. थोड्या वेळाने वळणापलीकडून एक अडखळती, बेसूर साद आली.

"कोंबडीला खोकला झालाय," डेल्फी म्हणाली.

हॉबर्ट ओसरीच्या कठड्याशी गेला. लेकीची दुसरी साद अर्ध्यावर आली, तेव्हा त्याने तडकलेलं हाड ओठांना लावलं आणि तिला मधेच तोडलं.